दालचिनीची बरणी

बँकेने लखनौला बदली केली तेव्हा घर बघायला जाताना मी प्रश्नांची चांगली तयारी करून गेले होते. पाणी किती वाजता येतं, इन्व्हर्टर आहे का, मेट्रो किती लांब. इंदिरा नगरातल्या त्या घरी माझा एकही प्रश्न तोंडातून बाहेर पडला नाही. घरमालकीणबाईंनी मला समोर बसवलं, आत जाऊन कागदाची एक बारीक पट्टी आणली, माझ्या नाकाखाली धरली आणि म्हणाल्या, "काय?"

मी म्हटलं, "छान वास आहे."

"छान हा वास नाही. ते तुझं मत झालं. वास काय आहे?"

मी डोळे मिटले. नोकरीच्या मुलाखतीतही एवढी घाबरले नव्हते. शेवटी चाचरत म्हटलं, की नवा माठ पहिल्यांदा भरून ठेवला की त्या पाण्याला येतो तसा. त्यांनी पट्टी मागे घेतली आणि आत वळून हाक मारली, "अहो, हिला वरच्या खोल्या दाखवा." पट्टीवर वाळ्याचं अत्तर होतं. माझ्या आधी येऊन गेलेल्या एका इंजिनिअरने 'मस्त' असं उत्तर दिलं होतं. त्याला चहा पाजून वाटेला लावलं होतं, असं मला जिना चढता चढता काकांनी सांगितलं.

त्यांना सगळे 'मॅडम' म्हणायचे. मूळच्या अमरावतीच्या. तरुणपणी एका संशोधन संस्थेत लागल्या आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच राहिल्या. खस, गवती चहा, पुदिना, तुळस यांची तेलं काढायची, त्यांचे गुणदोष तपासायचे, हे त्यांचं काम. संस्थेत मोठमोठी यंत्रं होती, पण यंत्राचं सांगून झालं की लोक मॅडमच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. मी पहिल्या आठवड्यात आपलेपणाने 'काकू' म्हणून बघितलं होतं. त्या म्हणाल्या, "मी कुणाच्या काकाची बायको म्हणून लखनौला आले नाही. नोकरीला आले." त्यांचा नवरा मात्र साऱ्या गल्लीचा काका होता. त्यामुळे त्या घरात एक मॅडम आणि एक काका राहायचे आणि त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे नव्या माणसाला उमगायला वेळ लागायचा. खुद्द काकाही त्यांना मॅडमच म्हणत. त्या मात्र नवऱ्याला 'अहो' म्हणत, अगदी जुन्या वळणाने.

घरात उदबत्ती नाही. डासांची कॉइल नाही, टाल्कम पावडर नाही, वासाचं तेल नाही. देवापुढे फक्त तुपाचं निरांजन, तेही काका लावायचे. मी एकदा नव्या साबणाने आंघोळ करून खाली उतरले तर मॅडमनी पेपरातून डोकं न काढता विचारलं, "हे काय लावलंस? लिंबू म्हणून विकलं असेल. लिंबू नाहीये ते." सब्जीवाला भैया फाटकाशी आला की आधी कोथिंबिरीची जुडी त्यांच्या नाकापुढे धरायचा आणि निकाल लागेपर्यंत हात जोडून उभा राहायचा. "मैडम, आज पास है कि फेल?" बहुतेक दिवशी फेल असायची, पण तो पुन्हा दुसऱ्या दिवशी तेवढ्याच श्रद्धेने यायचा.

त्यांचं एक पक्कं मत होतं, आणि ते माझ्या कानावर इतक्या वेळा पडलं आहे की आजही मी बँकेत एखादा आकडा टाकताना थबकते. चुकीचं रीडिंग माफ, खोटं रीडिंग नाही. नाक आहे, चुकणारच. सर्दी होते, मन थाऱ्यावर नसतं. चुकलं तर सांगावं, पुन्हा घ्यावं. पण जे आलंच नाही ते आलं म्हणून लिहिणारा माणूस कामातून गेला. त्यांच्या हाताखालच्या एका हुशार मुलाने एकदा घाईत, न हुंगताच, काल आलं तेच आजही आलं असं लिहून दिलं. मॅडमनी त्याचं वर्षभराचं काम पुन्हा करायला लावलं. तो पुढे मोठ्या पदावर गेला आणि समोर आला तरी ओळख दाखवेना. मी विचारलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "वाटलं. पण पकडलं होतं ना मी."

कसं पकडलं, तेही सांगत. वास घ्यायला पट्ट्या मांडल्या की त्यात एक पट्टी त्या कोरी ठेवायच्या, नुसता कागद. कोणती कोरी, ते घेणाऱ्याला माहीत नसायचं. ज्याला कोऱ्या पट्टीवरही गुलाब येतो, त्याचे बाकीचे गुलाबही खोडायचे. "कोरी पट्टी ठेवली नाही तर माणूस आपल्या आशेचाच वास घेत बसतो," हे त्यांचं वाक्य.

इतक्या चोख बाईने आयुष्यात स्वयंपाक केला नव्हता. करता येत नाही हे त्या लपवतही नसत. 'अंदाजे मीठ' आणि 'चवीपुरती साखर' ही काही पद्धत झाली का, असं विचारत. स्वयंपाकघर काकांचं. काकांचे आजोबा कधीतरी रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, तेव्हापासून घर लखनौचंच. एका सरकारी कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस मराठीत सुरू होऊन हिंदीत उतरायचा आणि मधे कुठे वळला ते त्याला कळायचंही नाही. "बेटा, तहरी केलीये, मटार घालून. बैठो, खाऊनच जा, ऊपर जाके क्या करोगी?" तहरी म्हणजे तिकडचा मसालेभात. थंडीत भल्या सकाळी धुक्यात जाऊन चौकातून मक्खन-मलाई आणायचे, ती विरघळायच्या आत मला जिन्यातून हाका मारायचे. नाश्त्याला त्यांना गोड लागायचंच, दही-जलेबी नाहीतर काहीतरी. गोडाशिवाय दिवस सुरूच होत नाही, म्हणायचे. जेवताना ते मॅडमकडे बघत राहायचे. पहिला घास घेतला की त्या डोळे मिटून सांगायच्या, "आज हिंग आधी पडलाय," आणि काका खूश व्हायचे. त्यांना कौतुक नको होतं. ओळखलं गेलं पाहिजे, एवढंच हवं होतं. मला वाटतं, त्यांच्या संसाराचा सगळा कारभार त्या पहिल्या घासावर चालला होता.

मॅडम एका गोष्टीला मात्र भ्यायच्या. त्यांची आई शेवटची काही वर्षं याच घरी होती. आधी ती मिठाच्या जागी साखर घालायला लागली, मग दार कुठलं ते विसरली, शेवटी मुलीलाच 'बाई, तुम्ही कोण' म्हणायची. हे मला मॅडमनी एकदाच सांगितलं, चष्मा शोधून सापडला नव्हता त्या दिवशी. चष्मा फ्रिजवर होता. सापडल्यावरही त्यांचा चेहरा उतरलेलाच होता, आणि काका त्यांच्याकडे बघत उभे होते. मला तेव्हा ते बघणं नीट समजलं नव्हतं.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत काका आजारी पडले. ताप घरच्या घरीच उतरला, ऑक्सिजन लागला नाही, सगळ्यांनी देवाचे आभार मानले. पण वास गेला. महिना गेला, दोन गेले, तरी आला नाही. डॉक्टर म्हणाले, कुणाकुणाचा येतो उशिरा. रोज ओळखीचे वास घेत राहा, सवय सोडू नका. काकांनी दोन-चार दिवस लवंग हुंगली आणि सोडून दिली. मग हळूहळू त्यांनी स्वयंपाकघरात जाणं सोडलं. कढईपाशी उभं राहून काही येत नाही म्हटल्यावर फोडणीच करवेना. डबा लावला. डब्यातलं ते चिवडत बसायचे. माती चघळल्यासारखं होतं, म्हणायचे. जलेबी आणून दिली तर एकच तुकडा खाऊन ताटली सरकवली. "मीठा है, बस. जलेबी नहीं है." सदरे अंगावर लोंबायला लागले. गालफडं बसली. ज्या माणसाने मला तीन वर्षं जबरदस्तीने जेवू घातलं, त्याला दोन घास घ्या म्हणून विनवायची पाळी आली.

मॅडम या काळात फार बोलल्या नाहीत. एका रविवारी त्यांनी मला स्टूल धरायला लावलं आणि माळ्यावरून खोका काढला. कुणीतरी दिवाळीत भेट दिलेला ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन होता, कधी उघडलेलाच नव्हता. म्हणाल्या, पोळी मला येणार नाही, भाजी येणार नाही. पण ओव्हन मला येतो. संस्थेत त्यांनी आयुष्यभर ओव्हन वापरले होते, पानं वाळवायला, बाटल्या तापवायला. ठरलेलं वजन, ठरलेलं तापमान, ठरलेला वेळ. त्यात अंदाजे काही नाही. मोबाइलवरून त्यांनी दालचिनीच्या मफिनची कृती उतरवून घेतली. सकाळी उपाशीपोटी नाक सगळ्यात तल्लख असतं, म्हणून नाश्त्याला. काकांना सकाळी गोड लागतं, म्हणून मफिन. आणि दालचिनी का, तर गरम लोण्यात आणि साखरेत तिच्याइतका जोरात उठणारा वास घरात दुसरा नाही. त्यासाठी आम्ही दोघी ई-रिक्षाने अमीनाबादच्या बाजारात गेलो. आजवर घरात पातळ सालीची, नाजूक, अस्सल दालचिनीच यायची. जाड सालीची तिखट दालचिनी, म्हणजे तज, तिला त्या 'दालचिनीचा आरडाओरडा' म्हणायच्या. त्या दिवशी त्यांनी आरडाओरडाच मागून घेतला.

पहिले मफिन दगड झाले. मिश्रण सगळीकडे सारखं एकजीव झालं पाहिजे, हा प्रयोगशाळेतला नियम. त्यांनी मैदा घालून ते इतका वेळ घोटलं की त्याचा चिकट गोळा झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी त्या घोटत असताना बाहेरच्या खुर्चीतून काकांचा आवाज आला, "मॅडम, ज्यादा मत घोटो. मैदा रुसतो. गाठी राहिल्या तर राहू द्या." कित्येक आठवड्यांत स्वयंपाकाबद्दल ते पहिल्यांदा बोलले होते. मॅडमनी हात थांबवला. त्या दिवशीचे मफिन फुगले, वरून तडकले. गरम असतानाच लोणी लावून त्यांनी ते साखर आणि दालचिनीच्या पुडीत घोळवले. वास वर माझ्या खोलीपर्यंत आला होता.

मग तो रोजचा रिवाज झाला. मी बँकेत जाण्याआधी खाली यायचं. टेबलावर तीन बशा. मॅडम काकांच्या नाकाखाली गरम मफिन मोडायच्या आणि विचारायच्या, "काय?" काका डोळे मिटून ओढून श्वास घ्यायचे आणि म्हणायचे, "नाही." मग मला, "काय?" मी सांगायची, दालचिनी, लोणी, मागून किंचित दह्याचा आंबटपणा. माझं नाक हे त्या घरातलं तपासणीचं नाक होतं. मफिनला वास आहे, हे माझ्यावरून ठरायचं. मग काका तो मफिन खायचे. दुसरं काही खात नसत, पण तेवढा एक खायचे, कारण तो मॅडमनी केलेला असायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासाठी कुणी चुलीपाशी उभं होतं, असं ते मला एकदा म्हणाले. ओटीजीला ते चूलच म्हणायचे.

आणि एके दिवशी खाता खाता काका थांबले. म्हणाले, "कुछ तो है."

"काय आहे?" मॅडमनी विचारलं.

"पता नाही. गरम आहे काहीतरी."

"गरम आहेच तो. आत्ता काढलाय. वास काय?"

"तसं नाही. गरम, म्हणजे... आहे काहीतरी."

दुसऱ्या दिवशीही ते म्हणाले, आहे. मग रोजच. त्यांच्यात जीव आला. दोन मफिन खायला लागले, दुपारी डबा उघडून काय आलंय बघायला लागले. एकदा उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. मी हरखून गेले होते. मॅडम हरखल्या नव्हत्या. काका वासाचं नाव सांगत नव्हते, कशासारखा आहे तेही सांगत नव्हते, नुसतं 'गरम'. हे रीडिंग नव्हे, असं त्या मला जिन्याशी म्हणाल्या. मी म्हटलं, खाताहेत ना, मग झालं. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी बँकेची वाट धरली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी एका सकाळी मी खाली आले तर मफिन नेहमीसारखेच दिसत होते, वर तपकिरी पूड, साखरेची चमक. पण वास गुळाचा होता. मी घास घेतला; दालचिनी कुठेच नव्हती. मी मॅडमकडे बघितलं. त्यांनी अगदी किंचित मान हलवली, बोलू नको म्हणून. तेव्हा मला कळलं. ही कोरी पट्टी होती.

काकांनी घास घेतला. चावता चावता थांबले. मान वर करून त्यांनी मॅडमकडे बघितलं, बराच वेळ. मला वाटलं, वास शोधताहेत. मग मोठ्या आवाजात म्हणाले, "वा, मॅडम. आज तर एकदम साफ येतोय. दालचिनी."

मॅडम म्हणाल्या, "अच्छा." आणि बशी उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 'काय' विचारणं बंद केलं. मफिन रोज होत राहिले, दालचिनी घातलेलेच. आम्ही तिघं नाश्ता करायचो, पेपरातलं बोलायचो, पण नाकाखाली कुणी काही मोडायचं नाही. मला त्यांनी नंतर गच्चीवर वाळलेले कपडे काढताना, काकांना बोलणार नाही असा शब्द घेऊन, सांगितलं. काका खोटं बोलले, मॅडमना बरं वाटावं म्हणून बोलले, हे त्यांना कळत होतं. विचारलं की ते पुन्हा खोटं बोलतील. म्हणून विचारायचंच नाही. हे सांगताना त्यांचा आवाज सरळ होता. खोट्या रीडिंगसाठी एका मुलाचं वर्ष बुडवणाऱ्या बाईने नवऱ्याचं खोटं मुकाट गिळलं, ही मला त्यांची फार मोठी गोष्ट वाटली. आजही वाटते.

त्याच सुमाराला काकांनी एक नवीन खोड सुरू केली. रोज सकाळी मॅडम आंघोळीला गेल्या की ते स्वयंपाकघरात जायचे, दालचिनीची बरणी फळीवरून काढायचे आणि ओट्यावर, ओटीजीच्या अगदी पुढ्यात आणून ठेवायचे. मॅडमना ती बरणी दिसली की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. नाटक पुढे चालू आहे, असं त्या समजायच्या. बोलायच्या मात्र नाहीत.

दोन हिवाळे असे गेले. काकांचा वास काही परत आला नाही. पण माणूस जगला, खाऊ लागला, थोडाफार स्वयंपाकही करू लागला. हिंग कधी घालायचा ते कानाने ठरवतो, म्हणायचा.

तिसऱ्या हिवाळ्यात धुकं ओसरून ऊन पडलेल्या एका दुपारी मी आणि काका गच्चीवर मटार सोलत बसलो होतो. मॅडम खाली झोपल्या होत्या. काका म्हणाले, "बेटा, एक बात बताऊँ? मॅडमना सांगायची नाही."

मी म्हटलं, नाही सांगणार.

"आठवतं, वो जो रोज पूछती थीं, काय, काय? एक दिवस त्यांनी दालचिनी घातलीच नव्हती. दुसऱ्याच कुठल्या बरणीतलं काहीतरी घातलं होतं. दिखने में वही, तपकिरी."

माझे हात थांबले. मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? वास तर येत नव्हता.

"वास नाही येत. पण दालचिनी जिभेवर चुणचुणते ना, हल्की सी. गरम वाटतं. तेच तर मी सांगत होतो, गरम, गरम. त्यांना समजवताच आलं नाही मला. उस दिन वो थी ही नहीं. मी बघितलं मॅडमकडे. मला त्यांची आई आठवली, मिठाच्या जागी साखर घालायची ती. मी घाबरलो, बेटा. म्हटलं, सुरू झालं. मग काय करणार? म्हटलं, वा, एकदम साफ येतोय." ते मटाराची एक शेंग नुसतीच हातात धरून बसले. "शायद समझ गईं, आपण विसरलो ते. त्यानंतर विचारणंच बंद केलं त्यांनी. तेव्हापासून बरणी मीच काढून ठेवतो समोर. चुकायला नको ना."

मी म्हटलं, काका, त्या विसरल्या नसतील. ते हसले. "मग काय, मुद्दाम? माझ्या नाश्त्यात?" त्यांच्या कल्पनेतही ते बसत नव्हतं. आयुष्यभर जिला जेवू घातलं, ती आपल्या ताटात कोरी पट्टी ठेवील, हे त्यांच्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

मी तेव्हाच ठरवलं होतं, की संक्रांतीला दोघांना समोरासमोर बसवून हे सांगून टाकायचं. दोघांनाही दिलेला शब्द मोडायचा. तिळगूळ हातात ठेवायचा आणि बोलायचं. रुसतील घटकाभर, मग हसतील. पण संक्रांतीच्या आधीच काका गेले. छातीत दुखलं म्हणून पहाटे हॉस्पिटलात नेलं, आणि दुपारी मॅडम एकट्याच घरी आल्या, शेजाऱ्यांच्या गाडीतून, काकांची मफलर हातात घेऊन.

त्यानंतर ओटीजीवर कापड पडलं. सब्जीवाला भैया कोथिंबीर घेऊन यायचा, मॅडम न हुंगताच ती घ्यायच्या. तो बिचारा थोडा वेळ तसाच उभा राहायचा आणि जायचा.

उन्हाळ्यात माझी बदलीची ऑर्डर आली. निघायच्या दिवशी सकाळी मला जाग आली ती दालचिनीच्या वासाने. खाली गेले. टेबलावर दोन बशा होत्या. मॅडमनी केस विंचरलेले होते, इस्त्रीची साडी होती. गाडीत खायला म्हणून त्यांनी डबाही भरून ठेवला होता. आम्ही बसलो. त्या मफिन मोडत म्हणाल्या, "तुला म्हणून सांगते. मला त्यांचं सगळं आठवतं. तहरी आठवते, धुक्यात मलाई घेऊन यायचे ते आठवतं. पण कुठूनही सुरू केलं तरी मन त्या सकाळीच येऊन थांबतं. ते माझ्याशी खोटं बोलले. एकदाच. आणि कोऱ्या पट्टीवर वास आला म्हटल्यावर मी त्यांचं आधीचं सगळंच खोडलं. ते रोज 'आहे' म्हणत होते, तेसुद्धा."

मग मला राहवलं नाही. काकांना दिलेला शब्द मी मोडला. गच्ची, मटार, सगळं सांगितलं. मॅडमनी मधे एकदाच हात वर केला.

"तुझं नको. त्यांचे शब्द सांग."

मी काकांचे शब्द जसे आठवत होते तसे सांगितले. जिभेवर चुणचुणते, हल्की सी. गरम वाटतं. उस दिन वो थी ही नहीं. आईचं सांगितलं. बरणीचं सांगितलं. चुकायला नको ना, हेही सांगितलं.

त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या, पाण्याचा ग्लास आणला, एक चूळ भरली. मग खुर्चीत ताठ बसल्या, डाव्या हाताच्या चिमटीत नाक घट्ट धरलं आणि उजव्या हाताने मफिनचा एक तुकडा तोंडात घातला. डोळे मिटून त्या सावकाश चावत राहिल्या. त्यांचा गळा वरखाली होताना मला दिसत होता. बाहेर भैयाची हाक आली आणि गेली.

"आहे," त्या म्हणाल्या. नाक दाबलेलं असल्यामुळे आवाज त्यांचा वाटत नव्हता. "बारीक चुणचुण. जिभेच्या दोन्ही कडांना. मग ऊब."

त्यांनी जीभ ओठांवरून फिरवली.

"गरम. बरोबर शब्द होता तो." मिटल्या डोळ्यांतून पाणी गालावर आलं, ते त्यांनी पुसलं नाही. "त्यांची सगळी रीडिंगं खरी होती गं. कोरी पट्टीसुद्धा त्यांनी ओळखली होती. आणि मी विचारायचं बंद केलं."

मी हात पुढे केला, पण त्यांना तो नको होता. नाक त्यांनी सोडलं नाही. तसंच धरून त्यांनी दुसरा तुकडा तोंडात घातला.